नोकरी सोडून डॉक्टर व्हायचंय? राजीनाम्याआधी बारावीची मार्कशीट काढा

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली, त्यातली शेवटची चार क्वालिटीला. आता एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातली बहुतेक मुलं मी बी.ई. झालो तेव्हा पहिली-दुसरीत होती. ती मला सुरुवातीला 'सर' म्हणायची, आता 'दादा' म्हणतात. तेवढी प्रगती आहे.

प्रवेश झाल्यापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतो. मित्राचा मित्र, मावसभावाची बायको, बँकेतला कुणी, आयटीतलं कुणी. प्रत्येकाचा प्रश्न एकच: राजीनामा कधी टाकू? माझा उलट प्रश्नही एकच असतो: बारावीची मार्कशीट कुठे आहे? ती सहसा गावाकडे, आईच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असते. ती हातात येईपर्यंत पुढचं काहीच ठरवता येत नाही. लोक नेमकं उलटं करतात. आधी राजीनामा, मग क्लास, मग फॉर्म, आणि फॉर्म भरताना कळतं की आपण पात्रच नाही. म्हणून ज्या क्रमाने या गोष्टी कराव्यात, त्याच क्रमाने लिहितोय.

मार्कशीट वाचायची कशी

भारतात पदवीधरांसाठी वेगळा एमबीबीएस नाही. तुम्ही बी.ई. असा, सीए असा, पीएच.डी. असा, दार एकच: 'नीट-यूजी' ही देशभरची प्रवेश परीक्षा. आणि त्या दाराशी तुमची पदवी कुणी विचारत नाही, बारावी विचारतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण हवेत. पहिल्या तिघांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के. एवढं झालं की बारावीच्या गुणांचं काम संपलं. पुढे सगळं 'नीट'च्या रँकवर.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, अकरावी-बारावीला बी ग्रुप (जीवशास्त्र) किंवा एबी ग्रुप (गणित आणि जीवशास्त्र दोन्ही) होता का? असेल तर तुम्ही आजच पात्र आहात, मार्कशीट पंधरा वर्षं जुनी असली तरी. थेट 'वय' या भागावर जा.

ए ग्रुप (गणित आहे, जीवशास्त्र नाही) होता, किंवा माझ्यासारखं 'बायोची कटकट नको' म्हणून बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, तर एक विषय कमी पडतोय. तो मागाहून देता येतो. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांना तिन्ही विज्ञान विषय लागतील. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची गोची सर्वांत मोठी, कारण त्यांच्याकडे बारावीच नाही. ती सगळी उभी करावी लागेल.

आणखी एक बघा: भौतिक आणि रसायन मिळून टक्केवारी काठावर आहे का? मग जीवशास्त्र नुसतं पास होऊन भागणार नाही, ते बेरीज वर खेचायला लागेल. माझ्या एका सहकाऱ्याला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून २०० पैकी ८९ होते. म्हणजे जीवशास्त्रात किमान ६१ हवेत, तेव्हा कुठे ३०० पैकी १५० होतात. हा हिशोब पाच मिनिटांचा आहे, पण तो आधी करायचा.

जीवशास्त्र मागाहून

पूर्वी हे जमत नव्हतं. जुन्या मेडिकल कौन्सिलचा आग्रह असा, की दोन वर्षं नियमित कॉलेजात बसून, प्रात्यक्षिकांसह जीवशास्त्र शिकलेलं असावं. बारावीनंतर वेगळा विषय देऊन आलेले उमेदवार बाद व्हायचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, जून २०२३ मध्ये नवे नियम आणले आणि २२ नोव्हेंबर २०२३ च्या जाहीर सूचनेत स्पष्ट केलं: लागणारे विषय बारावीनंतर, मान्यताप्राप्त मंडळाकडून, अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेले चालतील. ही सूचना डाउनलोड करून तिच्या दोन-तीन प्रिंट काढून ठेवा. का ते पुढे सांगतो.

महाराष्ट्रात दोन रस्ते आहेत.

एक, राज्य मंडळ. बारावीच्या परीक्षेत नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार यांच्या जोडीला 'तुरळक विषय' नावाचा एक प्रकार असतो. तो शब्द लक्षात ठेवा, कारण कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीवर 'ॲडिशनल बायोलॉजी' म्हटलं की मान हलते, 'तुरळक' म्हटलं की फॉर्म निघतो. अर्ज कॉलेजमार्फतच जातो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चची, पण अर्जाची धांदल आदल्या दिवाळीच्या आसपास. जानेवारीत जाग आली तर वर्ष गेलं.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. इथे फक्त हवे तेवढे विषय घेऊन 'पार्ट ॲडमिशन' मिळते. बारावीच्या जीवशास्त्राचा विषय क्रमांक ३१४. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. लेखी ८०, प्रात्यक्षिक २०, शिवाय घरी लिहून द्यायची असाइनमेंट. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचं, कारण रोजची हजेरी नाही. मी हाच घेतला.

फक्त प्रात्यक्षिक हलकं घेऊ नका. मी घेतलं होतं. इंजिनिअर माणूस, लेथवर काम केलेलं, सूक्ष्मदर्शकाचं काय एवढं? तर मला आलं कांद्याच्या मुळांच्या टोकांचं पेशीविभाजन. घरी सराव म्हणून काचेच्या ग्लासात पाणी भरून त्यावर कांदा ठेवला, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. आईने दोनदा तो उचलून फोडणीसाठी कापायला घेतला. चार-पाच दिवसांत पांढरी मुळं फुटली. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापायचे, ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकून काच किंचित गरम करायची, वर कव्हरस्लिप, आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. जोरात दाबलं की कव्हरस्लिप फुटते, हलकं दाबलं की पेशींचा ढीग दिसतो, एकही वेगळी नाही. तिसऱ्या काचेवर मला एक पेशी दिसली, मधोमध गुणसूत्रं रांगेत उभी. कारखान्यात अकरा वर्षं गेजने मोजमाप केलं, पण श्वास रोखून बघितलेली ती पहिली गोष्ट. परीक्षेत मात्र आधीच तयार केलेली स्लाइड ओळखायला दिली.

वय

'नीट'ला खालची वयाची अट आहे: प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. वरची नाही. मध्यंतरी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० अशी मर्यादा आणली होती, ती बरीच वर्षं कोर्टात लोंबकळली. एनएमसीने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती काढून टाकायचं ठरवलं आणि २०२२ पासून ती माहितीपुस्तिकेतून गेली. किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. ओडिशातले जयकिशोर प्रधान बँकेतून निवृत्त होऊन, वयाच्या ६४ व्या वर्षी, २०२० ची 'नीट' पास झाले आणि बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी देशात दोघांना ७२० पैकी ७२० मिळाले, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे वयाने मोठा असलेल्याला पहिला क्रमांक दिला गेला. आपल्या बाजूने वय लागू पडल्याचं हे एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे.

कारण पुढची काही दारं वयानुसार बंद होतात, आणि हे क्लासवाले सांगत नाहीत. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज: २४ वर्षांपर्यंतच, तेही अविवाहित. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अल्पमुदतीच्या कमिशनला एमबीबीएसवाल्यांसाठी ३० ची अट. यूपीएससीची एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षा, खुल्या प्रवर्गाला ३२, काही पदांना ३५. म्हणजे तिशीत एमबीबीएसला लागणाऱ्याला या तिन्ही वाटा नाहीत. पदव्युत्तर प्रवेशाला वयाची अट नाही, खासगी प्रॅक्टिसला नाही, खासगी हॉस्पिटलच्या नोकरीला नाही.

आता बोटं मोजा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात शिकलात तर त्यानंतर एक वर्ष बंधपत्रित सेवा, नाही केली तर १० लाख रुपये दंड. तिसाव्या वर्षी तयारी सुरू केली, एकतिसाव्याला प्रवेश मिळाला, तर बाँड संपवून मोकळे होईपर्यंत अडतीस. एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं, शिवाय 'नीट-पीजी'च्या तयारीचं एखादं. बेचाळीस धरा. हा आकडा जोडीदाराला आजच सांगा. मी माझ्या बायकोला तो लग्नाच्या वाढदिवशी सांगितला, तो दिवस टाळा.

तीन महिन्यांची परीक्षा, नोकरी सांभाळून

पात्र आहात हे कळलं. आता झेपेल का? याचं उत्तर भावनेतून मिळत नाही, पेपरातून मिळतं.

२०२५ पासून 'नीट' पुन्हा जुन्या स्वरूपात आली: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. कोविडच्या काळात आलेले ऐच्छिक प्रश्न गेले. म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राचे, आणि त्या निम्म्या गुणांचा पाया एनसीईआरटीची अकरावी-बारावीची दोन पुस्तकं. दोन्ही मिळून धडे ३२. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभ्यासक्रमाला कात्री लागली तेव्हा 'पचन आणि शोषण' हा धडाही उडाला. डॉक्टर होऊ घातलेल्यांना पचन कशाला, असं कुणाला वाटलं असेल ते देव जाणे. पण त्यामुळे जुनी गाइडं वापरताना एनएमसीच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा.

बारा आठवडे घ्या. फक्त अकरावीचं एनसीईआरटी जीवशास्त्र, रोज दीड तास, कामाच्या दिवशीसुद्धा. आणि शनिवार-रविवारी भौतिक-रसायनचा एकेक अकरावीचा धडा. बाराव्या आठवड्याच्या रविवारी दुपारी २ ते ५ एक जुना पेपर सोडवा, ओएमआर शीटची प्रिंट काढून, काळ्या बॉलपेनने गोळे रंगवत. दुपारी २ ते ५ का? कारण खरी परीक्षा तेव्हाच असते, मे महिन्यात, आणि जेवणानंतर तीन तास डोकं चालतं का हेही तपासायचं आहे.

गुण बघू नका, चुका बघा. वाचलेल्या जीवशास्त्राच्या धड्यांवरचे प्रश्न दहापैकी सात बरोबर येत असतील तर घोडं पळणारं आहे. पाचाच्या खाली असतील तर प्रामाणिकपणे स्वतःला विचारा की वाचलं नव्हतं, की वाचून राहिलं नाही. पहिल्याला उपाय आहे. हा माझा ठोकताळा, शास्त्र नव्हे.

आम्हा इंजिनिअरांची एक गोड गैरसमजूत असते, की फिजिक्स आपलंच. मी पहिल्या पेपरात फिजिक्सची २३ उत्तरं बरोबर आणली आणि त्याला ९५ मिनिटं खाल्ली. इंजिनिअरिंगमध्ये आपल्याला सूत्र शोधायची सवय लागते, इथे ते जिभेवर लागतं. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट, आणि जीवशास्त्र त्याहून वेगाने उरकलं तरच फिजिक्सला थोडा श्वास मिळतो. मला शेवटपर्यंत रडवलं ते इनऑरगॅनिक केमिस्ट्रीने. जीवशास्त्र, ज्याला मी सोळाव्या वर्षी घाबरून पळालो, ते कंपनीच्या बसमध्ये उभ्या उभ्या पाठ झालं.

आणि क्लाससाठी लातूरला जाऊन राहू का, हा प्रश्न हमखास येतो. लातूरचा नाद माझ्या मते सोडा. तिथली व्यवस्था सोळा-सतरा वर्षांच्या, दुसरी कुठलीच जबाबदारी नसलेल्या मुलासाठी बांधलेली आहे, आणि त्याच्यासाठी ती उत्तम आहे. तुमच्यापाशी दिवसाचे तीन-चार तास आहेत. रेकॉर्ड केलेली लेक्चरं दीडपट वेगाने ऐका, आणि पैसे टेस्ट सिरीजवर खर्च करा.

नेमका कोणता कोर्स

एमबीबीएसच हवं का, हे एकदा स्वतःला विचारा. विचारताना आजूबाजूला कुणी नको.

२०२५ ला 'नीट' देणारे २२ लाखांवर होते, त्यातले १२ लाखांवर 'पात्र' ठरले, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यामुळे 'नीट क्वालिफाय झालो' याला पेढे वाटण्यापलीकडे फारसा अर्थ नाही. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ वर होती, आदल्या वर्षी १६२. एवढ्या गुणांत अभिमत विद्यापीठाची महागडी जागा मिळू शकते, सरकारी नाही. अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे. आमच्यासारख्यांनी तिकडे बघूही नये, असं मी स्पष्ट सांगतो. चाळिशीच्या तोंडावर तेवढं कर्ज डोक्यावर घेऊन कुणी निवांत रुग्ण तपासू शकत नाही.

'नीट'च्याच रँकवर बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) मिळतं, दोन्ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. बीडीएस (दातांचं) पाच. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे प्रवेशही 'नीट'वरच होतात, आणि तो कोर्स एमबीबीएसच्या आधी संपतो. तुमची ओढ रुग्णाच्या हाताला धरून त्याला चालायला लावण्याची असेल, तर फिजिओथेरपी ही पडती बाजू नव्हे. माझ्या ओळखीची एक आर्किटेक्ट तिकडे गेली, एमबीबीएसची जागा मिळण्याजोगे गुण असताना.

परदेशी एमबीबीएसच्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर एव्हाना येऊ लागल्या असतील. नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांना एनएमसीचा नियम असा: कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिवाय इथे परतून आणखी १२ महिने. 'नीट' पात्रता तिकडे जायलाही लागतेच. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीवाल्यांची इथली परीक्षा, ३०० पैकी १५० गुणांना पास, आणि अलीकडच्या बहुतेक खेपांत पास होणारे वीस ते तीस टक्क्यांच्या घरात, कधी त्याहून कमी. अठरा वर्षांच्या मुलाला चार वेळा ती परीक्षा द्यायला आयुष्य पडलंय. आपल्याला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावंडांनी मात्र इथला हिशोब तिकडे लावू नये. तिथे मेडिकल कॉलेज पदवीनंतरच सुरू होतं, त्यामुळे करिअर बदलणारा माणूस नवलाचा नाही. तुमची बी.ई. वाया जात नाही, पण बायोलॉजी, केमिस्ट्रीचे लागणारे कोर्स तिथल्या कॉलेजात करावे लागतात. त्यासाठी 'पोस्ट-बॅक' नावाचे वर्ष-दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात, मग एमकॅट ही तिथली प्रवेश परीक्षा, ४७२ ते ५२८ या पट्टीवरची. तिथला कळीचा मुद्दा व्हिसा. ग्रीन कार्ड नसेल तर बऱ्याच सरकारी मेडिकल स्कूलची दारं बंदच असतात, म्हणून कोर्स निवडण्याआधी ते बघा.

पैसे

सरकारी जागा मिळाली तरी फी हा खर्चाचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे न मिळालेला पगार. मी कागदावर मांडलं ते असं: घरखर्च, घराचा हप्ता, मुलीची शाळा मिळून महिन्याला ४८ हजार. बायकोच्या पगारातून ३५ सुटतात. खड्डा १३ हजारांचा. दोन महिने बिनपगारी रजा आणि साडेपाच वर्षं, म्हणजे ६८ महिने. ८ लाख ८४ हजार. त्यावर फी, मेस, पुस्तकं, आणि आजारपणासाठी काहीतरी. हे सगळं बाजूला पडेपर्यंत मी फॉर्म भरला नाही. त्यात दीड वर्ष गेलं, आणि त्याच दीड वर्षात जीवशास्त्रही झालं.

'अर्धवेळ काम करीन' हे मनातून काढा. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी सक्तीची आहे, आणि ॲनाटॉमीनंतर संध्याकाळी कुणाच्या अंगात काही उरत नाही. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत पूर्ण व्हायला हवा, हेही नियमात आहे. कमाई सुरू होते ती इंटर्नशिपला, आणि सरकारी कॉलेजांत ते विद्यावेतन २०२४ मध्ये ११ हजारांवरून १८ हजार केलं. चाकणला मी ट्रेनी म्हणून याहून थोडं कमी घ्यायचो, एवढं समाधान.

एक छोटी गोष्ट, जी माझ्याकडून राहणारच होती: कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. त्यात आई-वडील असतील तर राजीनाम्याआधी त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा. नंतर साठीच्या माणसाला जुन्या आजारांसकट पॉलिसी मिळवताना नाकी नऊ येतात.

कागदपत्रं

महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईल, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं लागतं. उरलेला १५ टक्के अखिल भारतीय कोटा केंद्राच्या एमसीसी या समुपदेशन समितीकडून, राज्याचा सीईटी सेलकडून. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी. आपल्या काळचा ७०:३० चा विभागवार कोटा आठवत असेल, तर तो २०२० मध्ये रद्द झाला. आता मराठवाड्याचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा एकाच यादीत.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच शोधावं. इंजिनिअरिंगच्या वेळी काढलेलं चालतं, नसेल तर समितीकडे महिने जातात. नॉन-क्रिमीलेअर मात्र ताजं लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी 'नीट'चा फॉर्म दहावीच्या मार्कशीटवरच्या नावानेच भरावा आणि गॅझेट हाताशी ठेवावं. बारावीनंतरच्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. माझं पंधरा वर्षांचं होतं. नोटरीने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मुलाचं आहे का?"

आता ती एनएमसीची सूचना. कागदपत्र तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या दोन मार्कशीट पाहिल्या, एक २०१० ची, एक २०२४ ची, आणि म्हणाल्या, बारावी दोनदा कशी? मी प्रिंट पुढे केली. त्यांनी ती आत नेली. पंधरा मिनिटं गेली, माझ्यामागची रांग कुरकुरू लागली. मग आतून एक साहेब आले, म्हणाले, "चालतंय, चालतंय, याची एक झेरॉक्स आम्हालाही द्या." म्हणून म्हटलं, दोन-तीन प्रिंट.

पर्याय भरताना नव्या कॉलेजांकडे नाक मुरडू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली: जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईचं जीटी. इमारती अर्ध्यामुर्ध्या, वसतिगृह भाड्याचं, असं ऐकायला मिळेल. पण शेवटच्या फेऱ्यांत रँक तिथपर्यंत उतरते, आणि पदवी तीच.

आणि राजीनामा

हे सगळं होईपर्यंत नोकरी चालूच ठेवा. फॉर्म साधारण फेब्रुवारीत, परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी, निकाल जूनमध्ये, फेऱ्या त्यानंतर. घोळ इथे होतो: कॉलेज अलॉट झालं की हजर व्हायला हातात मोजके दिवस असतात, आणि कंपनीचा नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा. अलॉटमेंट आल्यावर राजीनामा टाकलात तर एक तर जागा जाईल, नाही तर नोटीसचे पैसे भरावे लागतील. निकालाआधी टाकलात तर दोन्ही जायचा धोका.

मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी रँक घेऊन बसलो आणि आदल्या वर्षीच्या सीईटी सेलच्या शेवटच्या फेरीच्या यादीत आपण कुठे बसतो ते बघितलं. गुणांशी तुलना करू नका, पेपर दरवर्षी सोपा-अवघड होतो. २०२५ चं फिजिक्स इतकं अवघड होतं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ पडले, त्याच्या आदल्या वर्षी ७२० वाल्यांची रांग होती. रँकशी रँक ताडा. माझी रँक मागच्या यादीच्या शेवटापेक्षा बरीच वर होती. मग मी मॅनेजरना भेटलो, खरं ते सांगितलं आणि नोटीस साठवरून पंचेचाळीसवर आणायची विनंती केली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा गुडघा बघशील ना नंतर?"

सिस्टिममध्ये राजीनाम्याचं कारण यादीतून निवडायचं असतं. चांगली संधी, कौटुंबिक, प्रकृती, उच्च शिक्षण. मी उच्च शिक्षण निवडलं. एचआरच्या मुलीचा फोन आला, एमबीए का? रिलीव्हिंग लेटर मागून घ्या आणि गॅपच्या प्रतिज्ञापत्राला जोडा. पंधरा वर्षं काय करत होतात, हे तपासणीच्या टेबलावर कुणी ना कुणी विचारतंच.